संथ झोका

खारवेळ बंदरातून एकटीने होडी घेऊन समुद्रात जाणारी दर्शना चोगले ही पहिली बाई. २०३६ साली ती पहिल्यांदा निघाली तेव्हा जेटीवर बघ्यांची गर्दी झाली होती. दोन वर्षांनंतर बघायला कुणी येत नव्हतं. तोवर बंदरातल्या पस्तीस होड्यांपैकी एकोणतीस होड्या एकेकट्या माणसाच्याच झाल्या होत्या.

हे झालं 'तोलक' नावाच्या यंत्रामुळे. त्याआधी मासेमारीच्या मोठ्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, धरून सात माणसं लागायची. त्यातली निम्मी जाळं ओढायला, आणि खरं सांगायचं तर बाकीची तोल सांभाळायला. भरलेलं जाळं एका बाजूने वर येऊ लागलं की होडी तिकडे कलायची. मग तांडेल ओरडायचा आणि खलाशी दुसऱ्या बाजूला सरकायचे. तोलकाने हे काम घेतलं. डेकच्या खाली आडव्या रुळांवर शिशाच्या विटांनी भरलेला एक गाडा असे. होडी कलू लागायच्या आधीच तो उलट बाजूला सरके. जाळं ओढायला विंचही त्याच्याबरोबरच आली. त्यामुळे होडीवर माणूस उरला तो फक्त सुकाणू धरायला आणि मासे बर्फात टाकायला.

दर्शनाला या यंत्राचा फायदाच झाला होता. नवरा गेल्यावर घरची दुसरी, जुनी होडी विकायची नाही असं तिने ठरवलं होतं, आणि बाईच्या हाताखाली सहा पुरुष समुद्रात आले असते असं नाही. यंत्र आलं आणि तो प्रश्नच मिटला.

तिचा नवरा जयवंत चोगले २०३४च्या नोव्हेंबरात गेला. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. समुद्र शांत होता, वारा नव्हता. बंदर तीन मैलांवर असताना त्याची होडी उजव्या अंगावर आडवी झाली आणि पाच मिनिटांत बुडाली. सहा खलाशी पोहून दुसऱ्या होडीवर चढले. जयवंत केबिनमध्ये अडकला.

होडी कशी उलटली हे गावाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हरिदास पावशेने उलटवली. हरिदास हा जयवंतचा लहानपणापासूनचा दोस्त आणि अठरा वर्षं त्याच्या होडीवर असलेला खलाशी. उजव्या बाजूला लटकणारं जाळं होडीखालच्या पंख्यात जाईल असं वाटून तो तिकडे धावला, त्याच्यामागे बाकीचे पाच जण धावले, आणि होडी गेली. हे कुणी त्याच्यावर लादलं नव्हतं. पोलिसांपुढे, पंचांपुढे आणि दर्शनाच्या दारात उभं राहून त्याने स्वतःच सांगितलं होतं, "मी पहिला धावलो."

त्यानंतर त्याला कुणी होडीवर घेतलं नाही. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली ती आली नाही. जेटीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये बसून तो दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करू लागला. दर्शनाचा मुलगा वेदांत तेव्हा पंधरा वर्षांचा होता. एकदा जेटीवर हरिदास समोर आला तेव्हा वेदांत त्याच्या तोंडावर थुंकला. दर्शना दहा पावलांवर उभी होती. ती तिथूनच बघत राहिली. हरिदासने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि बाजूला होऊन वाट दिली.

दर्शनाच्या होडीवर तोलक बसवायला कंपनीने अश्लेषा दामले नावाची एक तरुण इंजिनिअर पाठवली होती. ती चार दिवस दर्शनाकडेच राहिली. यंत्र चालवणाऱ्याला त्यामागचं कारण कळलं पाहिजे, अशी तिची समजूत होती. तिने दर्शनाकडून पाण्याने भरलेलं घमेलं आणि एक प्लास्टिकचा डबा मागून घेतला. डब्याच्या तळाशी तिने चार दगड ठेवले, डबा पाण्यात सोडला आणि बोटाने कलता केला. बोट काढताच डबा पुन्हा सरळ झाला. मग तेच दगड तिने डब्याच्या झाकणावर ठेवले आणि पुन्हा बोट लावलं. डबा गर्रकन उलटला.

वस्तूचं सगळं वजन एका बिंदूत गोळा झालंय असं मानता येतं, तो तिचा गुरुत्वमध्य, असं तिने समजावलं. वजन त्या बिंदूतून खाली ओढतं. पाणी होडीला वर ढकलतं, तेही एका बिंदूतून. होडी कलली की तिची एक बाजू पाण्यात जास्त बुडते आणि पाण्याचा तो रेटा त्या बाजूला सरकतो. गुरुत्वमध्य खाली असेल तर हा रेटा होडीला परत उभी करतो. गुरुत्वमध्य फार वर गेला, तर तोच रेटा तिला सावरायला अपुरा पडतो.

"पण होडीचा गुरुत्वमध्य डोळ्यांना कुठे दिसतो?" दर्शनाने विचारलं.

दिसत नाही, पण मोजता येतो, असं अश्लेषा म्हणाली. होडी एका बाजूहून दुसरीकडे आणि परत यायला किती वेळ घेते ते बघायचं. वजन खाली असलेली होडी झटकन झुलते, माणसाला हिसके बसतात. वजन वर गेलं की झोका लांबतो. तोलक दर झोक्याचा वेळ मोजून हा हिशोब करतो. या होडीचा झोका चार सेकंदांचा. तो सातच्या वर गेला तर यंत्र विंच बंद करतं आणि एकही मासा वर घेऊ देत नाही.

"म्हणजे होडी आरामात, संथ झुलत असेल तर ते वाईट?"

"सगळ्यात वाईट. लोकांना वाटतं समुद्र शांत आहे."

दर्शनाला हरिदासचा जबाब आठवला. तो तिने इतक्यांदा ऐकला होता की तिला पाठ होता. त्यात एक वाक्य होतं, त्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. होडी पाळण्यासारखी झुलत होती, सगळ्यांना झोप येत होती.

दुसऱ्या दिवशी तिने अश्लेषाला विचारलं की बुडालेल्या होडीचा हिशोब या यंत्रात मांडता येईल का. होडीची लांबी-रुंदी तिला माहीत होती. बर्फाचा खण बांगड्याने काठोकाठ भरला होता, वितळलेल्या बर्फाचं पाणी उपसलं नव्हतं, आणि उरलेला बांगडा डेकवर गुडघाभर रचून वर केबिनच्या टपावरही टाकला होता. हे सगळं जबाबात होतं. अश्लेषाने आकडे भरले. पडद्यावर हिरव्या रेषांची होडी आली आणि झुलू लागली. एका झोक्याला दहा सेकंद लागले.

अश्लेषाने मग डेकवरचा माल काढून टाकला आणि सहा माणसं एकदम उजवीकडे पाठवली. होडी दोन अंश कलली आणि सावरली. माल पुन्हा ठेवून तिने माणसं जागेवर बसवली आणि एक साधी लाट सोडली. खणातलं पाणी खालच्या बाजूला धावलं, त्यामागे डेकवरची रास घसरली, आणि हिरवी होडी उलटली.

"माणसांचा यात संबंध नाही," अश्लेषा म्हणाली. "ती धावली नसती तर फार तर पुढच्या मोठ्या लाटेपर्यंत तगली असती. एवढा माल वर घ्यायला नको होता. कोणाचा निर्णय होता तो?"

तांडेलाचाच असतो, असं दर्शनाने सांगितलं. मग हे कुणाला सांगू नकोस म्हणून तिने त्या मुलीला विनवलं. माझ्या मुलाला त्याच्या बापाचा फार अभिमान आहे, असं कारण दिलं. अश्लेषाला ते पटलं नाही, पण चौथ्या दिवशी ती निघून गेली आणि विषय संपला.

दर्शनाने दिलेलं कारण अर्धंच खरं होतं. त्या दिवशी दुपारी जयवंतचा समुद्रातून फोन आला होता. खण भरलाय, जाळ्यात अजून तीन-चार टन आहे, सोडून देऊ का, असं त्याने विचारलं होतं. त्याआधी तीन आठवडे त्याचं जाळं रिकामं येत होतं. बाजारात बसलेल्या बायका दर्शनाला रोज विचारायच्या, तुझ्या तांडेलाला मासे ओळखत नाहीत का. ती फोनवर म्हणाली होती, "अहो, एकही सोडू नका. सगळं घेऊन या. मी टोपल्या घेऊन उभी राहते." आणि ती खरंच टोपल्या घेऊन उभी होती.

त्यानंतरची दोन वर्षं ती एकटी समुद्रात जात राहिली. पहाटे निघायचं, दुपार कलताना परतायचं. पूर्वी होडीवर सात थाळ्या असत, आता एक. जाळं वर येऊ लागलं की सवयीने तिचे पाय उलट बाजूला वळायचे. जयवंतबरोबर लग्नानंतर चार-पाचदा गेली होती, तेव्हा तिनेही ओरड ऐकून धाव घेतली होती. पण ती दोन पावलं टाकेपर्यंत डेकखाली गाडा सरकल्याचा घरघराट व्हायचा आणि होडी जागच्या जागी सपाट राहायची. ती उजवीकडे उभी राहिली काय आणि डावीकडे राहिली काय, होडीला फरक पडत नव्हता. बिनतारी यंत्रावर बाकीच्या होड्यांवरचे लोक असत, पण तेही दिवसभर एकटे राहून बोलायचे विसरले होते. वारा किती, मासा कुठे, एवढंच विचारायचे आणि गप्प व्हायचे. घरी वेदांत नव्हता. तो पनवेलला जहाजाच्या इंजिनांचं शिक्षण घेत होता आणि रविवारी फोन करायचा.

तोलक बसल्यावर महिन्याभराने हरिदास तिच्या दारात आला होता. जेटीवर बसून डोकं फिरायला लागलंय, होडीवर काहीही काम द्या, म्हणाला. दर्शनाने उंबऱ्यातूनच सांगितलं की होडीला आता एकच माणूस लागतो. तो बरं म्हणाला आणि गेला. त्याला तिने घरातही बोलावलं नाही. तो समोर असला की तिला फोनवरचं स्वतःचं बोलणं ऐकू यायचं.

२०३८च्या जानेवारीत मच्छीमार सोसायटीने सभा बोलावली. उरलेल्या सहा होड्यांवर तोलक बसवायचा की नाही हे ठरायचं होतं. त्या सहा होड्यांवर अजून बेचाळीस माणसांना काम होतं, म्हणून विरोध होता. चेअरमन पुंडलिकनाना स्वतः घरी येऊन दर्शनाला म्हणाले की सभेत तुझा सत्कार ठेवलाय, तू दोन शब्द बोल, तुझं लोक ऐकतील. आईचा सत्कार आहे म्हणून वेदांत पनवेलहून आला आणि पहिल्या रांगेत बसला.

सभा दुपारी चार वाजता शाळेच्या सभागृहात भरली. आधी कंपनीच्या माणसाने पडद्यावर एक छोटी चित्रफीत दाखवली. त्यात एक होडी होती आणि तिच्यावर सात माणसांच्या आकृत्या. नाव कुणाचं घेतलं नव्हतं, पण अंगावर काटा यावा इतकं ते ओळखीचं होतं. एक लाल आकृती उजवीकडे धावली, तिच्यामागे पाच धावल्या, होडी उलटली, आणि एक आकृती पाण्याखाली दिसेनाशी झाली. माणूस घाबरतो, यंत्र घाबरत नाही, असं चित्रफितीतला आवाज म्हणाला. डेकवर मासे दाखवलेच नव्हते. डेक स्वच्छ होतं.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. हरिदास शेवटच्या रांगेत दाराजवळ बसला होता. तो उठून गेला नाही. पडद्याकडे बघत राहिला.

मग नानांनी दर्शनाच्या हातात माइक दिला. तिने घरून चार वाक्यं पाठ करून आणली होती, यंत्रामुळे बाईमाणूस समुद्रात जाऊ शकते वगैरे. त्यातलं पहिलं वाक्य ती बोलली आणि थांबली.

"हे चित्र खोटं आहे," ती म्हणाली. "सहा माणसं एका बाजूला गेली तर ती होडी दोन अंश कलते. मी दोन वर्षांपूर्वी मोजून घेतलंय. डेकवर चार टन बांगडा होता आणि टपावरसुद्धा. त्यानं होडी उलटली. हरिदासभावजी जागेवर बसून राहिले असते तरी उलटली असती."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. नाना तिच्याजवळ आले आणि बसून घे म्हणाले. तिने माइक सोडला नाही.

"माल वर घेऊ का, असं ह्यांनी मला फोन करून विचारलं होतं. मी सांगितलं, एकही सोडू नका. यंत्र असतं तर त्यानं विंच बंद केली असती, तेही खरं आहे. यंत्र घ्या नाहीतर नका घेऊ. पण त्या माणसाच्या नावावर घेऊ नका."

ती खाली उतरली तेव्हा तिच्यासाठी कुणी वाट केली नाही, अडवलंही नाही. सभा पुढे तासभर चालली. यंत्र घ्यायचं असंच ठरलं. दर्शनाने जे सांगितलं त्याने यंत्राची गरज उलट जास्तच पटते, असं कंपनीचा माणूस म्हणाला, आणि ते बरोबरही होतं. सत्काराची शाल टेबलावर तशीच राहिली.

वेदांत घरी आला तो बॅग भरायलाच. दर्शनाने त्याला जेवून जा म्हटलं. तो कपडे कोंबत राहिला. चेन ओढून झाल्यावर तो दारात थांबला.

"बाबांना तू सांगितलंस, ते मी समजू शकतो. तुला काय माहीत होतं होडीतलं? पण मी त्या माणसाच्या तोंडावर थुंकलो होतो, आई. तू बघत होतीस."

तो पायऱ्या उतरून गेला. त्या रविवारी त्याचा फोन आला नाही. तिने केला तो त्याने उचलला नाही.

सोमवारी दर्शना जेटीच्या टोकाच्या शेडमध्ये गेली. इतक्या वर्षांत ती तिथे पहिल्यांदाच येत होती. हरिदास जाळी विणत नव्हता. लोखंडी पेटीत कपडे भरत होता. मालपे बंदरात मोठ्या जहाजांवर अजून माणसं लागतात, तिथल्या एका तांडेलाने बोलावलंय, असं त्याने सांगितलं. सभेतली गोष्ट तिथवर पोहोचली होती. बुधवारी सकाळच्या गाडीने तो निघणार होता.

दर्शना माफी मागायला आली होती. मनात बरंच जुळवून आणलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं की मला तेव्हाच सांगायला हवं होतं.

हरिदासने तिला पाटावर बसायला सांगितलं आणि स्वतः पेटीवर बसला.

"फोनचं मला माहीत होतं, वहिनी," तो म्हणाला. "मी जयाच्या शेजारीच उभा होतो. त्याने स्पीकर लावला होता."

दर्शनाने मान वर केली.

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?"

"कोणाला बोलणार? जया गेला होता. तुमच्या घरात तुम्ही आणि पोर, दोघंच राहिलेली. आणि मी खरंच पहिला धावलो होतो. मला वाटायचं, माझ्यामुळेच गेला. दोन अंशांचं मला परवा कळलं." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला दोन वर्षं माहीत होतं, ते ऐकून मात्र वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू."

बाहेर एक होडी लागत होती. तिच्या शिशाच्या गाड्याचा घरघराट शेडपर्यंत येत होता.

तिने विचारलं की माझ्या होडीवर येता का. यंत्र आहे, पण दोघांनी जायला बंदी नाही. हरिदासने मान हलवली. तिथे मला काम काय, म्हणाला. यंत्राच्या होडीवर दुसरा माणूस म्हणजे बसून राहणारा माणूस, आणि बसून तो तीन वर्षं राहिला होता.

ती उठली तेव्हा त्याने पुन्हा तोंड उघडलं.

"फोन ठेवल्यावर जया हसला. मला म्हणाला, हिने नको म्हटलं असतं तरी मी भरलाच असता. उगाच विचारलं." तो पेटीचं झाकण लावू लागला. "हे तुमच्यासाठी म्हणून सांगत नाही."

दर्शना घरी येऊन विचार करत राहिली. जयवंत असं म्हणू शकला असता. त्याचं हसणं तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. पण हरिदास ज्या प्रकारचा माणूस होता, तो असं रचूनही सांगू शकला असता, आणि वर तुमच्यासाठी सांगत नाही असंही म्हणाला असता. त्या वेळी तिथे असलेल्या दोघांपैकी एक नव्हता आणि दुसरा निघाला होता. हिशोब मांडायला तिच्याजवळ आकडेच नव्हते.

बुधवारी ती पहाटे समुद्रावर गेली नाही. प्रवासात खायला म्हणून तिने सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या बांधल्या आणि साडेआठला एसटी स्टँडकडे निघाली. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापाशी तिचे पाय थांबले.

स्टँडच्या बाकावर हरिदास बसला होता, शेजारी त्याची पेटी. त्याच्यासमोर वेदांत उभा होता. गावातून कुणीतरी कळवलं असणार; पनवेलहून रात्रीच्या गाडीने आला असावा, केस विस्कटलेले होते. तो काहीतरी बोलत होता आणि बोलता बोलता वाकून त्याने हरिदासचे पाय धरले. हरिदासने त्याला दंडाला धरून उठवलं, पेटी सरकवून बाकावर जागा केली आणि शेजारी बसवलं. मग दोघं बोलू लागले. हरिदास हातांनी काहीतरी दाखवत होता, जाळं टाकल्यासारखं. वेदांत एकदा हसला. बापाबद्दलच काही असणार.

इतक्या लांबून ऐकू काही येत नव्हतं. दर्शनाला वाटलं, पुढे जावं. मी गेले तर दोघंही उठून उभे राहतील आणि गप्प होतील, हेही तिला कळत होतं. गाडी लागेपर्यंत ती दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहिली. वेदांतने पेटी उचलून आत चढवली. गाडी सुटली तसा तोही गाडीबरोबर चार पावलं चालत गेला, खिडकीला हात लावून. मग तो पनवेलच्या फलाटाकडे वळला. घराच्या दिशेने त्याने पाहिलं नाही.

दर्शनाने भाकऱ्यांचं गाठोडं सायकलवाल्याच्या म्हाताऱ्या आईला दिलं आणि ती जेटीवर आली. ओहोटी लागली होती, पण पाणी अजून पुरेसं होतं. तिने दोर सोडला, इंजिन चालू केलं आणि होडी बाहेर काढली.